रमणदादांचं मानपत्र

मनोरमाबाईंना राग आला की त्या कणीक मळायच्या. साधा राग असला तर दोन वाट्या, मोठा असला तर परात भरून. ऑगस्टातल्या त्या मंगळवारी ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या घरात खाणारी तोंडं पाच, आणि बाईंनी चाळीस पोळ्यांची कणीक तिंबून ठेवली होती. सून सुरुची ऑफिसातून आली, तिने परातीकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता आतल्या खोलीत गेली.

बाई पुण्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीही दचकून उभी राहायची, आणि अक्षर असं की फळ्यावरचा सुविचार पुसायला शिपायाचं मन व्हायचं नाही. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या मे महिन्यात, त्या मुलाकडे, परेशकडे, ऑकलंडला आल्या होत्या. व्हिसा पाहुणीचा, आणि दोन ऑक्टोबरचं परतीचं तिकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात.

रागाचं कारण खालच्या खोलीत पडून होतं. भाग्यश्री. कऱ्हाडची पोर, चोवीस वर्षांची, परेशकडे भाड्याने राहायची आणि रमण सबनीसांच्या फ्रोझन समोशांच्या कारखान्यात सुपरवायझर होती. ती दुपारी दोनलाच घरी आली, ती थेट लाँड्रीत, आणि नळाखाली आपला पांढरा कोट घासत बसली. कोटावर डाग नव्हता. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पोरीच्या मनगटावर बोटांचे वळ उठले होते.

"कोणी गं?" बाईंनी विचारलं.

आधी ती कोट घासतच राहिली. मग बोलायला लागली ती थांबेना. दादांनी कोल्ड रूममध्ये माल मोजायला बोलावलं, दार आतून ओढून घेतलं. ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी तिला वाटलं आपलाच गैरसमज झाला असेल. दुसऱ्या वेळी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं वागलो असू. आज त्याने भिंतीशी दाबून धरलं, नको तिथे हात घातला, आणि ती ढकलून पळाली तर मागून हसत म्हणाला, "फाइल माझ्या टेबलावर आहे बरं का तुझी."

"आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ," बाई म्हणाल्या.

"नको काकू, तुमच्या पाया पडते! रेसिडेन्सी त्यांच्या पत्रावर आहे माझी. त्यांनी पत्र मागे घेतलं की मी कऱ्हाडला. आणि तिथे आई विचारणार, का परत आलीस? काय सांगू मी तिला? कुणाला सांगू नका. शप्पथ घ्या माझी."

बाईंनी शपथ घेतली, आणि वर येऊन कणीक मळायला घेतली.

आता हे रमण सबनीस म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ऑकलंडात उतरलेल्या बहुतेक मराठी माणसांनी पहिला चहा रमणदादांच्या थर्मासमधला प्यायलेला असायचा. विमानतळावर घ्यायला दादा, पहिले आठ दिवस राहायला दादांच्या घरची खोली, पहिल्या नोकरीला शिफारस दादांची. मंडळाचे अध्यक्ष दहा वर्षं दादाच, दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायची टाप नव्हती. परेशही त्याच थर्मासमधला चहा पिऊन इथे उभा राहिला होता. उपकार असा गळ्यापर्यंत असला की माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, हे काही बाईंना नवीन नव्हतं.

जेवताना त्यांनी भाग्यश्रीचं नाव न घेता नुसतं विचारलं, "परेश, हा रमण माणूस कसा आहे रे?"

सुरुचीचा आमटीचा डाव हवेतच थांबला. "का आई? भाग्यश्री काही बोलली का?"

बाईंनी घास ताटात ठेवला. "मी तिचं नाव घेतलं का? म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे!"

"ठाऊक असं नाही," परेश ताटात बघत म्हणाला. "एकदोनदा कानावर आलं होतं. पण पुरावा काय? आणि आई, इथे आपण मूठभर माणसं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच बोललं की हात दाखवून अवलक्षण."

"आणि ऐकून माहीत असताना तू त्या पोरीला त्याच्याकडे नोकरीला लावलंस?"

परेश आमटीत पोळी बुडवत राहिला. टेबलाच्या टोकाला बसलेली नात, दहा वर्षांची रिया, म्हणाली, "आजी, व्हाय आर यू शाउटिंग?" बाई म्हणाल्या, "शाउट नाही करत बाळा, जेव." आपल्या पोटचा पोरगा कुंपणानेच शेत खाल्लेलं बघतो आणि वर म्हणी ऐकवतो! त्यांना त्याची इतकी चीड आली की पाण्याचा पेला उचलवेना.

चीड त्याचीच होती असंही नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या शाळेत सुलेखा नावाची चित्रकलेची नवी शिक्षिका आली होती, तेवीस वर्षांची. एके दिवशी ती स्टाफरूममध्ये रडत आली आणि संस्थेच्या सेक्रेटरीबद्दल सांगू लागली. मनोरमाबाईंनी दार लावलं, तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बोलू नकोस. बभ्रा झाला तर नाव तुझंच जाईल. विसरून जा." सुलेखाने महिन्याभरात नोकरी सोडली. पुष्कळ वर्षांनी मंडईत समोरासमोर आली तेव्हा बाईंनी कौतुकाने हाक मारली, तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणाला होतात विसरून जा. तुम्ही विसरलात. मला नाही जमलं." आणि भाजी न घेताच निघून गेली. तेव्हापासून मंडईच्या त्या कोपऱ्यावरून जाताना बाई मान वर करत नसत.

चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, दादा स्वतः घरी आले. हातात पेढ्यांचा डबा, अंगावर मऊ लोकरी जॅकेट. परेशची नुसती धांदल उडाली. भाग्यश्रीने खालून गाडी ओळखली असावी, कारण तिच्या खोलीचा पडदा सर्रकन ओढला गेला.

"काकू, एक विनंती घेऊन आलोय," दादा म्हणाले. "गणपतीतल्या रविवारी मंडळ माझा सत्कार करणार म्हणतंय. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकतंय कोण! शाल-श्रीफळ, मानपत्र सगळं आपल्या पद्धतीने व्हायला हवं. आता इथल्या पोरांना चार ओळी शुद्ध मराठी लिहिता येत नाहीत. तुम्ही ज्येष्ठ, त्यात मराठीच्या शिक्षिका. मानपत्र तुम्ही लिहायचं आणि स्टेजवर तुम्हीच वाचायचं."

आणि त्याने वाकून नमस्कार केला. बाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. गोरे, गुबगुबीत, नखं स्वच्छ कापलेली. त्या हातांवर चुलीतलं लाकूड ठेवावं असं त्यांना वाटलं, खरंच वाटलं. पण डोक्यात दुसरंच काहीतरी चमकून गेलं आणि त्या शांत झाल्या.

"लिहीन की," त्या म्हणाल्या. "पण माझी एक पद्धत आहे. नुसते शब्दांचे बुडबुडे मी लिहीत नाही. घरोघरी जाऊन तुझ्या आठवणी गोळा करीन. विशेषतः बायकांकडून. पुरुषांना काय, भाषणंच येतात."

"वा! अगदी मनापासून लिहा काकू."

"एक अक्षर खोटं लिहिणार नाही."

दादा खूश होऊन गेले. परेशने सुस्कारा सोडला, आईचा राग निवळला म्हणून. बिचारा! बत्तीस वर्षांत आईने एकही निबंध न वाचता तपासला नव्हता, हे तो विसरला होता.

आणि मग सुरू झाली बाईंची फेरी. मंडळाची फोनयादी हातात, शंभरपानी वही पर्समध्ये. दादांच्या मानपत्राचं काम म्हटल्यावर कुठलं घर दार उघडणार नाही? नवरे बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघायचे आणि बाई स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. "दादांची एखादी आठवण सांग गं," म्हणायच्या आणि गप्प राहायच्या. शिक्षकी पेशात एक गोष्ट त्या पक्की शिकल्या होत्या: प्रश्न विचारून झाल्यावर आपण तोंड उघडायचं नाही.

पहिल्या दोन घरांत थर्मासच्या आठवणी निघाल्या. तिसरं घर बॉटनी डाउन्सला, नीलिमाचं. ती ओट्यापाशी भाजी निवडत होती. प्रश्न ऐकला, आणि भाजी निवडणारी बोटं थांबली. "माझ्याकडे आठवण नाही काकू," ती म्हणाली. बाई बसून राहिल्या. चहा गार झाला. मग बाईंनी तिला सुलेखाची गोष्ट सांगितली, स्वतःला जराही न वाचवता. नीलिमा ऐकत ऐकत खाली बसली आणि म्हणाली, "माझा नवरा तेव्हा भारतात होता. मी दादांच्या घरी राहत होते, त्या आठ दिवसांत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, मग आठ दिवस राहिलीस कशाला? म्हणून नाही सांगितलं. अजून नाही सांगितलं."

लता गायकवाड सुईण होती, इथल्या हॉस्पिटलात चांगल्या हुद्द्यावर. घरात बुद्धाची मूर्ती, पुस्तकांनी भरलेली भिंत. ती रडली नाही. तिला रागच आला. "मी का बोलले नाही विचारता? दोन हजार एकमध्ये मी मंडळात नवी. आडनाव ऐकून लोक कप पुढे करताना दोनदा विचार करायचे. मी बोलले असते तर तोंडावर सगळे अरेरे म्हणाले असते आणि पाठीमागे म्हणाले असते, 'ह्यांच्यातच असलं चालतं.' माझ्या एकटीची नाही, माझ्या सगळ्या माणसांची बेअब्रू झाली असती. तो ओळखून होता ते. पक्कं ओळखून होता."

भाग्यश्री धरली तर चौथी आता दूर रिकार्टनला असायची, ऑकलंड सोडून गेलेली. का सोडलं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. ती फोनवर सात मिनिटं बोलली. बाईंनी वहीत सगळं लिहून घेतलं.

प्रत्येकीचं न बोलण्याचं कारण वेगळं, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या दिवशी बसमधून परत येताना बाईंना रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग त्यांनी नीट जपून ठेवला. या वेळी कणीक मळून तो घालवायचा नव्हता.

भाग्यश्री मात्र ऐकेना. "काकू, तुम्ही दोन ऑक्टोबरला विमानात बसाल. मला इथेच राहायचंय! तुमचा सूड होईल आणि माझा व्हिसा जाईल."

बाईंना ते झोंबलं, कारण खरं होतं. तिकीट आपल्या पर्समध्ये आणि आपण पोरीला लढ म्हणतो. त्या म्हणाल्या, "तुझं नाव मी घेणार नाही. तू हो म्हणालीस तरच. शब्द आहे माझा." आणि तिला विचारूनच त्यांनी लताला गाठलं. लताने दोन दिवसांत भाग्यश्रीला एका वकीलबाईंकडे नेलं. तिथे कळलं ते साधंच होतं: दुसऱ्या मालकाचं पत्र चालतं, आणि असा छळ झाला असेल तर सरकारला तसं सांगता येतं. फाइल दादांच्या टेबलावर असली तरी भाग्यश्रीचं आयुष्य त्या टेबलावर नव्हतं. इतकी वर्षं हे एकाही दीडशहाण्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

मानपत्र बाईंनी मोठ्या जाड पुठ्ठ्यावर लिहिलं, फळ्यावर लिहायच्या तेवढ्या ठसठशीत अक्षरांत, शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल असं. रियाने भोवती झेंडूची आणि पिवळ्या कोवाईच्या फुलांची नक्षी काढली. पोरीला मराठी कळायचं, वाचता मात्र येत नव्हतं. "इट्स सो प्रिटी, आजी!" ती म्हणाली. परेश येता-जाता बघायचा ती नक्षी आणि वरचं "मानपत्र" एवढंच. मानपत्रात काय असतं ते सगळ्यांना ठाऊकच असतं, कोण कशाला वाचतंय! तशाच बेफिकिरीने कमिटीनेही आतला मजकूर मागितला नाही.

गणपती शनिवारी बसणार होते. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, लताच्या गाडीत मागे नीलिमा, पुढे बाई. रिकार्टनच्या बाईने आपल्या सहीचा कागद पोस्टाने पाठवला होता. लता गाडी काढणार तोच खालचं दार उघडलं. भाग्यश्री, जॅकेटची चेन लावत. "सरका जरा," ती नीलिमाला म्हणाली. पोलीस स्टेशनात एका उंच माओरी पोलीसबाईने त्यांना किया ओरा असा त्यांच्याकडचा नमस्कार करून आत घेतलं, प्रत्येकीला वेगळ्या खोलीत बसवलं, चहा दिला, आणि घाई न करता सगळं लिहून घेतलं. दुपारचे तीन वाजले. बाहेर आल्यावर नीलिमा म्हणाली, मी आज नवऱ्याला सांगणार आहे. पुठ्ठ्याच्या तळाशी सह्यांसाठी सोडलेली जागा तेव्हाच भरली, रिकार्टनची सही कागदावरून कापून चिकटवली, आणि मग बाईंनी काच बसवून पुठ्ठा चकचकीत कागदात गुंडाळला.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. उदबत्तीचा वास, जरीच्या साड्या, बाहेर जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. दादा रेशमी झब्ब्यात स्टेजवर, शेजारी त्यांची बायको मधू. मधू म्हणजे मंडळाच्या प्रत्येक फोटोत असलेली आणि कुणालाच जिचा आवाज आठवत नसे अशी बाई. शाल झाली, श्रीफळ मधूच्या हातात गेलं. बाईंनी मानपत्रावरचा चकचकीत कागद फाडला आणि फ्रेम दादांच्या हाती दिली, अक्षरं लोकांकडे करून.

"दादा, फोटो! समोर धरा, जरा वर!" फोटोवाला ओरडला.

दादांनी फ्रेम छातीशी धरली, वर उचलली आणि झकास हसले. आपल्या सत्काराच्या मानपत्राची अशी पाठ आपल्याकडे असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या रांगेतले म्हातारे चष्मे सारखे करून वाचू लागले. एका आजोबांची टाळी अर्ध्यावर राहिली. सुरुचीने तोंडावर हात ठेवला. परेश उठला आणि तसाच उभा राहिला. कुजबूज मागच्या रांगेपर्यंत जाऊन विरली, पार शांतता झाली, आणि सगळ्या हॉलात ते वाचता न येणारा माणूस एकटाच उरला होता. तो अजून हसत होता.

मग बाईंनी माइक घेतला. गरज नव्हती, पण घेतला.

"श्रीयुत रमण सबनीस यांस. आपण या गावी आलेल्या प्रत्येकाला आपल्या गाडीत बसवलेत, आपल्या थर्मासमधला चहा पाजलात. आणि त्याच उपकाराच्या आडून आपण खाली सही केलेल्या स्त्रियांच्या अंगावर हात टाकलात. कुणी पाहुणी म्हणून आपल्या घरी होती. कुणी आपल्या नोकरीत होती, कोल्ड रूमचं दार आपण आतून ओढून घेतलंत. त्या बोलणार नाहीत याची आपल्याला खात्री होती, कारण कोण कशाला घाबरते ते आपण आधी विचारून घेत होतात. त्यांनी शुक्रवारी पोलिसांना सगळं सांगितलं आहे. आपल्या या कर्तृत्वाचा गौरव म्हणून हे मानपत्र. खाली सह्या चौघींच्या. आणि पाचवी माझी, मनोरमा केळकर. मी तीस वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला गप्प बसवलं होतं, म्हणून."

दादांनी फ्रेम उलटी करून बघितली. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. असं उतरताना बघायला बाईंनी तीन आठवडे वाट बघितली होती, आणि आता त्या डोळे भरून बघत होत्या. सुखाने बघत होत्या, खोटं कशाला बोला.

"काकूंचं वय झालंय..." दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "परेश, अरे आईंना घरी घेऊन जा."

परेश स्टेजवर आला. बाईंना वाटलं, हा आता माइक काढून घेणार. पण तो आईशेजारी येऊन नुसता उभा राहिला, मान खाली घालून. "मी ऐकलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "मी ऐकलं होतं आणि तरी तिला तिथे कामाला लावलं."

"खोटं आहे हे! पाच बायकांनी मिळून कट केलाय!" दादा किंचाळले.

तेव्हा मधूने हातातला नारळ टेबलावर ठेवला. तिने फ्रेमवर वाकून एकेक सही वाचली, बोट फिरवत, पहिलीतल्या मुलीसारखी. मग मान वर केली. ती हळूच बोलली, पण माइक जवळ होता.

"चारच?"

मनोरमाबाईंना आपली फोनयादी आठवली. यादीतल्या सगळ्या घरांत त्या गेल्या होत्या, वही घेऊन बसल्या होत्या, गार चहा प्यायल्या होत्या. एकाच घरात गेल्या नव्हत्या. त्या घरातल्या बाईलाही कुणीतरी विचारायला हवं, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मधू, घरी चल," रमण म्हणाला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

तिने ते सोडवून घेतलं. मनोरमाबाईंनी मागची खुर्ची पुढे ओढली, तिला बसवलं आणि माइक तिच्यासमोर धरला.